बटाट्याचं कौतुक

पाणबुडीतून आलेला सदरा तुम्ही कधी नाकाशी धरलाय का? नसेल तर तुमचं नशीब चांगलं म्हणायचं. माझी लाँड्री गोदीच्या मागच्या गल्लीत आहे, आणि माझं निम्मं आयुष्य असले सदरे भिजवण्यात, घासण्यात आणि त्यांच्याकडे बघून नाक मुरडण्यात गेलं. लोकांना पाणबुडी म्हटलं की काहीतरी भव्य डोळ्यांपुढं येतं. काळंभोर अंग, वर झेंडा, ओळीत उभे असलेले पांढरे गणवेश. मला आठवतो माझ्या बापाचा बनियन.

बाबा जुन्या डिझेलच्या बोटीवर इंजिनाच्या कामाला होते. ते सुट्टीवर आले की आई त्यांना मागच्या दारानं घ्यायची, अंगणातच कपडे उतरवायला लावायची आणि ते काठीनं उचलून सोड्याच्या पाण्यात टाकायची. डिझेल, घाम, बुरशी, शिळा कोबी, आणि या सगळ्याच्या खाली आणखी एक वास. तो कसला, हे मी एकदा विचारलं, तर बाबांनी जेवता जेवता सांगितलं. पाण्याखाली संडासाची टाकी रिकामी करायची तर ती दाबाच्या हवेनं समुद्रात ढकलायची. मग टाकीत उरलेली हवा बाहेर सोडली तर वर बुडबुडे येणार, शत्रूला दिसणार. म्हणून ती हवा परत बोटीत सोडायची. माणसांच्या तोंडावर. "सवय होते," बाबा म्हणाले आणि पुढचा घास घेतला. मी ताट सारून उठले. असल्या गोष्टीची ज्याला सवय होते त्याचं कौतुक मला कधी करता आलं नाही, बाप असला तरी.

बाबांना मात्र त्या बोटीचा अभिमान म्हणजे काय विचारू नका. त्यांच्या वस्तादानं त्यांना त्याही आधीच्या काळच्या गोष्टी सांगितल्या होत्या, त्या ते आम्हाला ऐकवत. सगळ्यात आधी म्हणे पिंपासारखी पाणबुडी होती, आत बसून माणसांनी हातानं दांडा फिरवायचा. मग पेट्रोलचं इंजिन आलं. त्याचा धूर आतल्या आत साचायचा, म्हणून पिंजऱ्यात पांढरे उंदीर ठेवत. उंदीर लोळला की समजायचं, आता आपली पाळी. मग आलं डिझेल. त्याला हवा लागते, म्हणून ते पाण्यावर असताना चालवायचं, त्यावर बॅटऱ्या भरून घ्यायच्या आणि बॅटऱ्यांवर खाली जायचं. बॅटऱ्या उतरल्या की पुन्हा वर. त्यांच्यात समुद्राचं पाणी शिरलं की विषारी वायू. पुढं एक नळी आली, ती पाण्याबाहेर काढून खालूनच इंजिनाला हवा द्यायची. लाट आली की नळीचं तोंड मिटायचं आणि इंजिन बोटीतलीच हवा ओढून घ्यायचं, सगळ्यांच्या कानांना दडे बसायचे. एवढी बुद्धी, एवढी मेहनत, आणि कशासाठी, तर चोरासारखं दुसऱ्याच्या जहाजाखाली जाऊन त्याला भोक पाडायला. मला तेव्हाही शिसारी यायची, आताही येते.

एक मात्र आहे. त्या घाणेरड्या बोटीला वर यावंच लागायचं. आई गेली तेव्हा मी शाळेत होते आणि धाकटा भाऊ नुकता बोलायला लागला होता. बाबांची बोट कुठंतरी समुद्रात होती. बॅटऱ्या भरायला ती वर आली, तेव्हा निरोप मिळाला. मासे धरणाऱ्यांच्या एका होडीवर बाबांना उतरवून दिलं, आणि आईला न्यायच्या आत ते दारात उभे राहिले. त्याच कपड्यांत. खोलीभर वास सुटला. आत्यानं नाकाला रुमाल लावला, शेजारपाजारची माणसं खिडकीकडे सरकली. बाबा मात्र कुणाकडेही न बघता आईच्या उशाशी जाऊन बसले आणि तिचे केस नीट केले. बोट जुनी असेल, नासकी असेल, पण तिनं माणसाला घरी पोचवलं होतं.

आईची लाँड्री माझ्या गळ्यात पडली आणि पुढं धाकटा जरा मोठा झाल्यावर घरातली चूल त्याच्या. साबणाच्या खोक्यावर उभा राहून तो बटाटे सोलायचा, एका बटाट्याचं एकच लांब साल. तेव्हापासून सगळी गल्ली त्याला बटाट्या म्हणते. पोरगा हाताचा चांगला होता, हे मी बहीण म्हणून सांगत नाही. साधा उकडलेला बटाटा, वर थोडं लोणी, कांद्याची पात, आणि आमच्या दुकानातल्या बायका इस्त्री खाली ठेवून त्याच्या वाटीत बोट घालायच्या. बाबा सोडून सगळ्यांनी त्याची वाहवा केली.

बाबांची जीभ बोटीवर जळून गेली होती. डिझेलचा धूर आणि बॅटऱ्यांच्या आम्लाची वाफ वर्षानुवर्षं खाल्ली की दुसरं काय होणार. लोणी, मिरी, लसूण, सगळं त्यांना सारखंच. कळायचं ते फक्त मीठ. त्यामुळे त्यांचे शेरे दोनच होते, मीठ कमी आणि मीठ जास्त. बरोबर असेल तर गप्प. बटाट्या मान वाकडी करून त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचा, की आज तरी काही म्हणतील. आणि बाबा मिशा पुसून उठायचे. मी त्याला म्हणायची, अरे, त्या माणसाला रबर उकडून घातलंस तरी मिठाचंच बोलेल, तू कशाला जीव टाकतोस? पण त्याच्या डोक्यात ते बसलं होतं. जगानं पाठ थोपटली तरी त्याचं समाधान नाही, बापाचा एक शब्द हवा.

म्हणूनच तो नौदलात आचारी झाला, आणि तोही पाणबुडीवर. बाबा खूश होतील असं त्याला वाटलं. बाबा म्हणाले, "पाण्याखाली जाऊन कांदे चिरणार? मग घरात काय वाईट होतं?"

तोवर बोटी बदलल्या होत्या. अणुभट्टीवर चालणारी नवी बोट आली आणि बटाट्याची नेमणूक तिच्यावर झाली. गावभर तिचं कोण कौतुक. बाबांनी तिला पहिल्या दिवसापासून बंब म्हणायला सुरुवात केली. "काय मोठं करतात? पाणी तापवतात. लाकडाऐवजी अणू फोडून तापवतात, एवढंच. त्या वाफेनं चाक फिरतं. मी पण म्हणतो, आमच्या न्हाणीघरात पाणबुडी आहे." पण मनातून ते हादरले होते, हे मला दिसत होतं. कारण या बंबाला हवा लागत नव्हती. समुद्राच्या पाण्यापासून प्यायचं पाणी तिथंच करायचं, श्वासाची हवाही तिथंच करायची, सोडलेला श्वास कसल्याशा औषधात धुऊन काढायचा. वर यायचं कारणच उरलं नाही. "आमची बोट माणसासारखी होती," बाबा म्हणाले, "तिला धाप लागायची. ही पडून राहते मढ्यासारखी."

बटाट्या पहिल्या फेरीवरून आला तेव्हा मी सवयीनं काठी घेऊन उभी होते. पिशवी उघडली, तर डिझेलचा मागमूस नाही. कपडे धुतलेले, घडी घातलेले. त्यांना पाणी कमी नाही ना आता. पण वास होता. फिकट, गोडसर, मासळीबाजार फिनाईलनं धुतल्यावर येतो तसा. ते त्या हवा धुवायच्या औषधाचं, तो म्हणाला. तीन-तीन वेळा धुतलं तरी जायचं नाही. जुना वास निदान माणसांचा होता. हा कुणाचाच नव्हता, आणि खरं सांगते, मला त्याचीच जास्त किळस आली. त्यातून गल्लीत कुणीतरी उठवलं की बटाट्याचे कपडे धुतलेल्या मशीनमध्ये अणू राहतात. समोरच्या लॉजवाल्यानं चादरी टाकणं बंद केलं. मी त्याला जाऊन म्हटलं, तुमच्या चादरींवर जे असतं त्यापेक्षा अणू बरे. तेव्हा कुठं त्या परत यायला लागल्या.

बटाट्या तिथल्या गोष्टी सांगायचा. भट्टी म्हणे वर्षानुवर्षं चालते, इंधनाला बघायला नको. बोट परत येते ती फक्त खाणं संपतं म्हणून. "म्हणजे ताई, सगळी बोट माझ्या कोठारावर चालते," तो छाती काढून म्हणायचा. सामान ठेवायला जागा नसते, म्हणून निघताना पत्र्याचे डबे बोळांत जमिनीवर अंथरतात, वर फळ्या टाकतात आणि त्यावरून चालतात. पहिले काही आठवडे सगळे वाकून चालतात. जसजसं खातील तशी जमीन खाली जाते. "म्हणजे ज्याच्यावरून बूट घालून फिरता, तेच खाता?" मी विचारलं. "डबा बंद असतो गं." असू दे बंद. मला उलटी यायची बाकी राहिली.

तळायला बंदी. तेलाचा धूर त्या कोंडलेल्या हवेतून निघता निघत नाही. ताजं दूध आधी संपतं, मग पालेभाजी, मग फळं. ताजी अंडी काही आठवडे टिकतात, त्यानंतर पिवळी पावडर. तिच्यात पाणी घालून जे होतं त्याला अंडं म्हणणं हा कोंबडीचा अपमान आहे, असं तोच म्हणायचा. पावडर सुरू झाली की जेवणघरातली माणसं ताटाकडे बघून एकमेकांकडे बघायची, आणि बटाट्या भिंतीकडे तोंड करून भांडी घासायचा. कप्तान तर स्वयंपाकघराकडे कधी फिरकायचाही नाही.

आणि मग तो नियम. हा मी ऐकला तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोट खाली असताना तिनं आवाज करायचा नाही, म्हणजे तिथून कुणी काही कळवायचं नाही. घरच्यांनी आठवड्याला चार ओळी पाठवायच्या, आणि त्यातही वाईट बातमी घालायची नाही. घरात कुणी गेलं तर ते गोदीतल्या ऑफिसात सांगायचं. ते फक्त कप्तानाला कळवणार. कप्तान ते पोटात ठेवणार आणि परत आल्यावर सांगणार. कारण ती बोट कुणासाठी वर येत नाही. एका आचाऱ्यासाठी तर नाहीच.

"तुला हे चालतं?" मी बटाट्याला विचारलं.

"कळून तरी मी काय करणार, ताई? तिथं रडायला कोपरा नाही."

शेवटच्या फेरीला तो निघाला तेव्हा बाबा थकले होते. छातीत खरखर, पायाला सूज. डॉक्टर येऊन बघून गेले होते, पण आज-उद्याचं काही नाही असं सगळ्यांनाच वाटत होतं. जायच्या आदल्या दिवशी बटाट्यानं मोठ्या पातेल्यात बटाट्याचं सूप केलं, डब्यांत भरलं, फ्रीजरमध्ये रचलं. मग मला दुकानात येऊन म्हणाला, "ताई, बाबांना रोज थोडं दे. आणि काय म्हणतात ते मला सांग. गोड करून नको सांगूस. जे म्हणतील तेच."

"मी कधी गोड केलंय?"

"नाही केलंस. म्हणून तर तुला सांगतोय."

बाबांचा हट्ट असा की ते त्या डब्यांकडे बघायलाही तयार नाहीत. "बंबवाल्याचं सूप मला नको." मी गरम करायची, ते तोंड फिरवायचे, मी ते दुकानातल्या बायकांना द्यायची. बटाट्याला काय कळवणार? दुकानाचं कळवलं, मशीनचा पट्टा तुटला ते कळवलं. सुपाबद्दल ब्र काढला नाही.

मग एके दिवशी दुपारी बाबा आपणहून म्हणाले, "ते सूप आहे का गं?" मी दुकान तसंच टाकून आत आले. गरम केलं. ते उशीला टेकून बसले, चमचा स्वतःच्या हातानं धरला, आणि हळूहळू सगळं प्याले. वाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "मीठ कमी आहे." मग आडवे झाले. मी चहाला उठवायला गेले तेव्हा श्वास नव्हता.

सगळं आटोपून दुसऱ्या दिवशी मी गोदीतल्या ऑफिसात गेले. तिथं निरोप घेणारी बाई माझ्याच वयाची, चष्मा दोरीला बांधलेला, स्वभावानं वाईट नव्हती. मी चार ओळी सांगितल्या. बाबा काल दुपारी गेले. तुझं सूप सगळं प्याले. मीठ कमी आहे म्हणाले. तू ये.

तिनं पेन्सिल खाली ठेवली. "हे जाणार नाही, बाई. तुम्हाला माहीत आहे. कप्तानसाहेबांना मी कळवते."

"मग ते त्याला सांगतील?"

"ते त्यांच्यावर. बहुतेक परत आल्यावर." मग ती जरा पुढं वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "सुपाचं तेवढं पाठवू या का? त्याला बरं वाटेल."

तिला खरंच वाटत होतं की ती माझ्यावर उपकार करतेय. मला तिथं उभं राहवेना. "बापाचा अर्धा निरोप पाठवू? वरचा कापून खालचा?" मी म्हटलं, आणि बाहेर आले. त्यानंतर मी एक ओळ पाठवली नाही. बटाट्याला वाटलं असेल, ताई कशावरून तरी फुगली. मी फुगते, त्याला सवय आहे.

त्या दिवसांत रोज दुकानात उभी राहून मी मनात शिव्या घालायची. इतकी शहाणी माणसं, अणू फोडून पाणी तापवतात, समुद्रातून हवा काढतात, जगाच्या दुसऱ्या टोकाला बॉम्ब टाकायची तयारी ठेवून चिडीचूप बसतात. आणि एका पोराला त्याचा बाप गेला हे सांगायची सोय त्यांना करता आली नाही. उंदरांच्या पिंजऱ्यापासून इथवर आले आणि आल्यावर हे. थू.

बोट आली त्या दिवशी धक्क्यावर बँड होता, फुगे होते. बायका नटूनथटून, पोरं खांद्यांवर. मी दुकानातल्याच कपड्यांत गेले. मला वाटलं होतं, आत्तापर्यंत कप्तानानं सांगितलं असेल, पोरगा खाली मान घालून उतरेल. कसलं काय. बटाट्या फळीवरून आला तो दात काढत. हातात एक चकचकीत मोठी पळी, तिच्या दांड्यावर काहीतरी कोरलेलं. दुरूनच ती उंच धरून मला दाखवत होता.

त्याच्या आधी कप्तान माझ्यापर्यंत पोचला. उंच माणूस, दाढी केलेली, बोटांची नखंसुद्धा स्वच्छ. त्यानं टोपी काढली आणि आवाज खाली आणून म्हणाला, "तुमच्या वडिलांचं ऐकून फार वाईट वाटलं. मी अजून त्याला काही बोललो नाही. ही गोष्ट घरच्या माणसाकडून कळलेली बरी."

"इतके दिवस तुमच्या पोटात होतं ना? मग शेवटी माझ्या अंगावर का टाकता?"

"आम्ही त्याला जपलं," तो म्हणाला. त्याला माझा राग कळत होता, पण अंगाला लागत नव्हता. "कळल्यापासून मी रोज स्वतः स्वयंपाकघरात जात होतो. रोज त्याचं कौतुक केलं. बाकीच्यांनाही तसं सांगितलं होतं. एक दिवस त्याचा उदास गेला नाही."

मला तेव्हा पूर्ण उमगलं नाही. एवढंच उमगलं की या माणसानं माझ्या भावाच्या हातचं जेवताना रोज त्याच्या तोंडाकडे बघितलंय आणि ती गोष्ट गिळलीय. "तुम्ही जेवलात, तोंड पुसलंत आणि उठलात," मी म्हटलं. "याला जपणं म्हणत नाहीत." त्यानं टोपी घातली आणि पुढच्या कुटुंबाकडे गेला.

बटाट्या धापा टाकत आला. "बघ," म्हणाला आणि पळी माझ्या नाकाखाली धरली. तिच्यावर त्याचं टोपणनाव कोरलं होतं आणि खाली 'सर्वोत्तम आचारी'. "कप्तानसाहेबांनी सगळ्यांसमोर दिली. टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी. ताई, या फेरीला काय झालं काय माहीत, माझा हातच बसला. साहेब रोज यायचे, उभ्या उभ्या चाखायचे, पुन्हा वाढून घ्यायचे. बाबांना दाखवतो आता. मग म्हणू देत मीठ कमी." आणि तो गर्दीकडे मान उंचावून बघायला लागला. "बाबा बसलेत कुठं?"

धक्क्यावर फुगे फुटत होते. मी त्याचा दंड धरला आणि म्हटलं, "घरी चल." त्याला गोदीच्या फाटकाबाहेर काढलं, गल्लीत आणलं, दुकानाचं शटर अर्धं खाली घेतलं, आणि कपड्यांच्या ढिगांच्या मधे उभं राहून त्याला सांगितलं. सरळ सांगितलं. दुसरं मला येत नाही.

तो स्टुलावर बसला. पळी मांडीवर.

"कधी?"

मी वार सांगितला, तारीख सांगितली. तारखांवरून त्याला काही लागेना. खाली त्यांना दिवस कळत नाहीत, कोठारातलं काय संपलं त्यावरूनच तो वेळ मोजतो. त्यानं बोटांवर काहीतरी जुळवलं. दूध संपलं ते, सफरचंदं संपली ती, मग थांबला.

"त्या दिवशी ताजी अंडी संपली," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी पावडर काढली. आणि त्याच्या दुसऱ्या सकाळी साहेब पहिल्यांदा स्वयंपाकघरात आले. पावडरीचं अंडं खाल्लं, आणि म्हणाले, वा, असं अंडं मी जन्मात खाल्लं नाही. पुन्हा वाढून घेतलं." तो माझ्याकडे बघायला लागला. "मला तेव्हाच वाटलं होतं. पावडरीच्या अंड्याचं कुणी कौतुक करतं का, ताई?"

माणूस इतकं घाणेरडं वागू शकतो आणि त्याला स्वतःला आपण चांगले वाटतो, हे मला सहन होईना. मारलं असतं, रागावलं असतं, कामाला जुंपलं असतं तर परवडलं असतं. हे म्हणजे मेलेल्या बापाच्या बदल्यात रोज एक 'वा'.

"सगळ्यांनाच माहीत होतं?" त्यानं विचारलं.

"बाप गेला ते कप्तानालाच. कौतुक करायचं, ते सगळ्यांना."

"सगळे म्हणायचे छान झालंय. इंजिनवाले, तो वायरलेसवर निरोप घेणारा, सगळे. आणि मी त्यांना पुन्हा पुन्हा वाढत होतो. आज काय करू, उद्या काय करू. झोपताना ठरवत होतो, बाबांना काय काय सांगायचं." त्याचा आवाज अगदी सपाट होता. त्यानं पळी उचलून काउंटरवर ठेवली, लांब, हाताला लागणार नाही अशी. ती अजून दुकानातच आहे. मी तिनं कपड्यांची खळ ढवळते, आणि ढवळताना मला दर वेळी ओकारी येते, पण धातू चांगला आहे.

मी चहा ठेवायला उठले. तो मागून म्हणाला, "ताई, सूप दिलं होतंस का त्यांना?"

मी गॅसजवळ थांबले. खरं सांगते, एक क्षण माझ्या जिभेवर आलं. म्हणावं, छान झालंय म्हणाले. बटाट्याला सांग म्हणाले. एवढा मोडून बसलाय पोर, काय जातं आपलं? आणि लगेच त्या कप्तानाची स्वच्छ नखं डोळ्यांपुढं आली.

"दिलं होतं," मी म्हटलं. "कितीतरी दिवस घेतच नव्हते. त्या दिवशी स्वतः मागून घेतलं."

"काय म्हणाले?"

"मीठ कमी आहे म्हणाले."

"आणखी?"

"आणखी काही नाही. सगळं प्याले, वाटी हातात दिली आणि झोपले."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी गोड तर करत नाहीये ना, हे तपासत होता बहुतेक. मग त्याचा चेहरा हलला.

"कमीच होतं," तो म्हणाला. "त्यांच्या पायाला सूज होती ना. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, म्हणून मी मुद्दाम कमी घातलं होतं. कुणाला कळलं नसतं." त्यानं तळहातानं तोंड पुसलं. "त्यांना कळलं."

आणि मग तो रडला. मी गॅस बंद केला आणि त्याच्याजवळ जाऊन बसले. त्याच्या सदऱ्याला तो गोडसर, मेलेला वास येत होता, आणि मी त्याचं डोकं तसंच खांद्याशी धरून ठेवलं.